स्टारक्राफ्टचा मॅप एडिटर लिहिताना: आधी फाइल, मग ब्रश

प्रश्न थोडक्यात असा: १९९८ सालच्या मूळ स्टारक्राफ्टसाठी आणि त्याच्या ब्रूड वॉर या जोडभागासाठी स्वतःचा मॅप एडिटर लिहायचा आहे. विचारणाऱ्याला प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी येतं, खिडकीत टाइल (जमिनीचे चौकोनी तुकडे) काढून दाखवणारा नमुनाही तयार आहे. आता पुढे ब्रश, झूम, कॉपी-पेस्ट हे आधी करावं की ट्रिगर (‘अमुक झालं की तमुक कर’ असे मॅपमधले नियम) लिहायचा एडिटर, आणि भाषा कोणती घ्यावी?

भाषा तुम्हाला हात बसलेली कोणतीही घ्या. बाकी प्रश्नाचं उत्तर: दोन्ही नको. ब्रशही नको, ट्रिगरही नको. आधी असा प्रोग्रॅम लिहा जो मॅप उघडतो, काहीही न बदलता सेव्ह करतो आणि आतली फाइल मूळ फाइलशी बाइट न् बाइट जुळते. त्याला खिडकी नसली तरी चालेल. हे जमेपर्यंत एकही बटण काढू नका.

याचं कारण तुमचे वापरकर्ते कोण असणार यात आहे. गेमबरोबर तो बनवणाऱ्या ब्लिझार्डचा स्वतःचा मॅप एडिटर, स्टारएडिट, फुकट येतो. ज्याला साधा चार खेळाडूंचा मॅप करायचा आहे त्याचं त्यात भागतं. चाहत्यांनी बनवलेल्या हत्याराकडे तोच येतो ज्याला स्टारएडिट अपुरा पडला: ज्याला टाइल हव्या तशा बसवायच्या आहेत, इमारती एकमेकांवर रचायच्या आहेत, शेकडो ट्रिगर एकदम पेस्ट करायचे आहेत. म्हणजे तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून येणारे मॅप हे सगळ्यांत विक्षिप्त मॅप असणार. ते उघडून सेव्ह केल्यावर मोडले, तर तुमचा ब्रश कितीही गुळगुळीत असला तरी तो माणूस परत येत नाही. त्याची महिनोन् महिन्यांची मेहनत त्या एका फाइलमध्ये असते.

आता फाइलकडे. मॅपचं एक्स्टेन्शन मूळ गेमसाठी एससीएम आणि ब्रूड वॉरसाठी एससीएक्स. दोन्ही प्रत्यक्षात एमपीक्यू या ब्लिझार्डच्या गाठोड्याच्या प्रकारातल्या. त्या गाठोड्यात स्टारएडिट फोल्डरखाली सिनॅरिओ डॉट सीएचके नावाची फाइल असते आणि मॅप म्हणजे खरं तर ती. तिची रचना अगदी साधी आहे: चार बाइटचं नाव, चार बाइटची लांबी, मग तेवढा मजकूर, पुन्हा नाव, लांबी, मजकूर. डीआयएममध्ये लांबी-रुंदी, ईआरएमध्ये आठांपैकी कोणता टाइलसेट, एमटीएक्सएममध्ये जमीन, युनिटमध्ये सैन्य आणि खनिजं, ट्रिगमध्ये ट्रिगर, एसटीआरमध्ये सगळा मजकूर. विभाग वाचणारा कोड तासाभरात लिहून होतो आणि तिथेच फसगत होते, कारण फाइल इतकी सोपी दिसते की प्रत्येक विभागाचं एक स्ट्रक्चर करावं, वाचताना त्यात भरावं, सेव्ह करताना त्यातून फाइल नव्याने रचावी, असा मोह होतो.

तसं करू नका. भाड्याच्या घरात मालकाचं एखादं कुलूपबंद कपाट असतं. ते आपण उघडत नाही, फेकत नाही, घर सोडताना जसंच्या तसं परत देतो. ओळखीचे नसलेले विभाग तसे वागवा. नाव माहीत नसलं तरी तो विभाग त्याच क्रमाने, त्याच लांबीने परत लिहा. ओळखीच्या विभागातही ज्या बाइटचा अर्थ तुम्हाला लागलेला नाही ते तसेच राहू द्या. एका युनिटची नोंद ३६ बाइटची असते. तिच्यात जागा, प्रकार, मालक, टक्केवारीत आरोग्य, खनिजाचा साठा वगैरे आहेतच, पण न वापरलेली म्हणून सोडलेली जागाही आहे. ती शून्याने भरून ‘साफ’ करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही.

क्रमाचं महत्त्व आणखी एका कारणाने. एकाच नावाचा विभाग फाइलमध्ये दोनदा येऊ शकतो. गेम काही विभागांच्या बाबतीत शेवटचा धरतो, काहींच्या बाबतीत दोन्हींची भर घालतो. काही मॅपकार याचा मुद्दाम फायदा घेतात, काही मॅप ‘प्रोटेक्ट’ करण्यासाठी लांबीच्या आकड्यात गडबड करून ठेवतात. अशा मॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दाखवता येईल तेवढं दाखवा, पण त्यावर सेव्ह करू देऊ नका, आणि कुलूप तोडण्याचं बटण देऊ नका. मॅपकाराने बंद केलेला मॅप तुमच्या हत्याराने उघडला गेला की भांडण तुमच्या दारात येतं, आणि तेव्हा तुमच्या बाजूने फारसं कुणी उभं राहत नाही.

तुलना करताना पूर्ण मॅप फाइलची करू नका, आतल्या सीएचकेची करा. गाठोडं पुन्हा बांधताना कॉम्प्रेशनमुळे बाइट बदलतात, त्यात वावगं काही नाही. एमपीक्यू वाचायचा कोड स्वतः लिहू नका. स्टॉर्मलिब ही मुक्त लायब्ररी वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झाली आहे, ती घ्या. पण एक खुबी ध्यानात ठेवा. एमपीक्यूत फाइलींची नावं साठवलेली नसतात, नावांचे हॅश (नावावरून काढलेले आकडे) असतात. यादीची फाइल आत असली तर नावं कळतात, नसली तर नाही. मॅपकाराने घातलेले आवाज तिथेच असतात. तुम्ही नवं गाठोडं करून माहीत असलेल्या फाइली त्यात टाकल्यात, तर नाव माहीत नसलेले आवाज निमूटपणे गायब होतात. म्हणून मूळ फाइलची प्रत घ्या, त्या प्रतीतली फक्त सीएचके बदला, सगळं नीट लिहून झालं की प्रत मूळ नावावर आणा. जुनी फाइल बॅकअप म्हणून बाजूला राहू द्या. डिस्क भरलेली असताना मधेच सेव्ह फसलं तर या पद्धतीत काहीच जात नाही.

मजकुराचं प्रकरण याहून किचकट. एसटीआर विभागात आधी किती मजकूर आहेत तो आकडा, मग प्रत्येकाची सुरुवात कुठे ते १६ बिटांत, मग मजकूर. १६ बिट म्हणजे ६५,५३५च्या पुढे सुरुवात सांगताच येत नाही. मोठ्या भूमिका-खेळाच्या मॅपना ही जागा पुरत नाही, म्हणून रीमास्टर्ड या गेमच्या नव्याने सजवलेल्या आवृत्तीत ३२ बिटांचा वेगळा विभाग आला. जागा वाचवण्यासाठी एकसारखे मजकूर एकाच क्रमांकावर बांधलेले असतात. मॅपचं नाव, खेळाडूंच्या गटांची नावं, लोकेशनची (ट्रिगरसाठी मॅपवर आखलेल्या चौकटींची) नावं, युनिटची बदललेली नावं, ट्रिगरमधले संदेश, आवाजांचे पत्ते: हे सगळे त्याच यादीकडे बोट दाखवतात. एका लोकेशनचं नाव बदललं आणि तुम्ही थेट यादीतला मजकूर बदललात, तर दुसरीकडे भलत्याच पात्राच्या तोंडचं वाक्य बदललेलं असेल. तेव्हा नेहमी नवा मजकूर जोडा, जुन्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही याची खात्री झाली तरच तो काढा. आणि ही खात्री सगळ्या विभागांतून करायला हवी, ट्रिगर धरून.

त्यात भर एन्कोडिंगची, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बाइटनी लिहायचं याची. तो तक्ता म्हणजे कोडपेज. हा गेम कोरियात तुफान चालला. व्यावसायिक सामने तिथे टीव्हीवर दाखवले जात आणि मॅप बनवणाऱ्यांची फळीच तिथे तयार झाली. त्यामुळे तुमच्याकडे येणाऱ्या मॅपांत कोरियन मजकूर भरपूर असणार, आणि तो विंडोजच्या जुन्या कोरियन कोडपेजमध्ये. युरोपातले मॅप वेगळ्या कोडपेजमध्ये, नवे यूटीएफ-८ मध्ये. कोणतं कोडपेज वापरलंय हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. उघडताना सगळं यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्यायचं आणि सेव्ह करताना तेच लिहायचं, हा सोपा वाटणारा रस्ता अर्ध्या मॅपांची माती करतो. मजकूर मेमरीत कच्च्या बाइटच्या रूपातच ठेवा. पडद्यावर दाखवण्यापुरतं रूपांतर करा, कोडपेज निवडायची यादी द्या, आणि वापरणाऱ्याने ज्या मजकुराला हात लावला नाही त्याचे बाइट जसेच्या तसे परत लिहा. आपल्यापैकी कुणी देवनागरीत संदेश घालायचे म्हटले तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट जातात हेही लक्षात असू द्या. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, जागा भरभर संपते.

ट्रिगरची नोंद दिसायला राक्षसी आहे पण वागायला सरळ. १६ अटी प्रत्येकी २० बाइटच्या, ६४ क्रिया प्रत्येकी ३२ बाइटच्या, वर ३२ बाइट खेळाडू वगैरेंसाठी, एकूण २४०० बाइट. एकच अट वापरली तरी २४००. हजार ट्रिगर म्हणजे २४ लाख बाइट, पण बहुतेक शून्यंच असल्याने गाठोड्यात ते मुठीत मावतात. ट्रिगरसाठी खिडक्या-यादी-बटणं असा सुंदर एडिटर करण्यात महिने घालवू नका. साध्या मजकुराच्या रूपात ट्रिगर दाखवा, तोच मजकूर संपादित करून परत वाचा. जास्त ट्रिगर लिहिणारे लोक स्वतःच्या स्क्रिप्टने मजकूर तयार करतात आणि पेस्ट करतात. त्यांना खिडकी नको असते, मजकूरच हवा असतो.

इथेच आणखी एक सापळा. गेममध्ये युनिटचे प्रकार ० ते २२७. एखाद्या ट्रिगरमध्ये ‘मृत्यू किती झाले’ या अटीत युनिटचा क्रमांक चाळीस हजारांच्या घरात दिसला, तर कुठल्याही सज्जन प्रोग्रॅमरला वाटेल की फाइल खराब आहे, दुरुस्त करू या. ती खराब नसते. मृत्यूंचा तक्ता मेमरीत एका ठरावीक जागी असतो आणि प्रत्येक युनिटमागे १२ खेळाडूंचे चार-चार बाइट असतात. क्रमांक हद्दीबाहेरचा दिला की गेम तक्त्याच्या बाहेरची मेमरी वाचतो किंवा लिहितो. या युक्तीवर मॅपांचा एक अख्खा पंथ उभा आहे, त्याला ईयूडी म्हणतात. ब्लिझार्डने मूळ गेममध्ये हे भगदाड बुजवलं होतं, पण २०१७च्या रीमास्टर्डनंतर अशा मॅपांसाठी खास नक्कल करणारी सोय दिली. तेव्हा तुमच्या एडिटरने हद्दीबाहेरचा आकडा आकडा म्हणूनच दाखवायचा, हवं तर पिवळ्या रंगात, आणि तसाच लिहायचा. ‘मॅप दुरुस्त करू का?’ असं विचारणारी खिडकी काढायचा मोह टाळा. वापरणारे वाचल्याशिवाय ‘हो’ दाबतात.

आता जमीन. तुमचा नमुना टाइल दाखवतो म्हणजे एमटीएक्सएम तुम्हाला कळलंय: प्रत्येक चौकोनाला १६ बिट, वरचे १२ गट आणि खालचे ४ गटातला नग. गटावरून सीव्ही५ फाइल, तिथून व्हीएक्स४, जी सांगते की ३२ पिक्सेलची टाइल ८ पिक्सेलच्या कोणत्या १६ तुकड्यांची, आणि व्हीआर४मध्ये ते तुकडे. हे सोपं. अवघड आहे ते कड्यांचं काम. स्टारएडिटमध्ये आपण चौकोन रंगवत नाही, चार टाइल रुंद आणि दोन टाइल उंच असे हिऱ्याच्या आकाराचे तुकडे रंगवतो. उंच जमिनीचा हिरा ठेवला की भोवतीचे कडे आपोआप जुळतात. हा हिशेब आयसॉम नावाच्या विभागात असतो. गेम तो वाचतही नाही, तो फक्त एडिटरसाठी आहे. तसंच टाइल नावाचा विभागही एडिटरचाच: त्यात सजावटीची झाडं-दगड वगळून जमीन असते, तर गेम जी वाचतो त्या एमटीएक्सएममध्ये सगळं असतं.

तीन ठिकाणी एकच जमीन तीन रूपांत, आणि ती एकमेकांशी जुळत असतील याची हमी नाही. एखाद्याने एकेक टाइल हाताने बसवून उलटा उतार बांधलेला असतो. मूळ टाइलसेटमध्ये तयार उतार फक्त खालच्या दोन तिरप्या दिशांना आहेत. वर चढत जाणारा उतार हवा असेल तर तो निरनिराळ्या तुकड्यांतून जमवावा लागतो आणि त्यात रात्री जातात. आयसॉमला त्याचा पत्ता नसतो. मग दुसऱ्या दिवशी तोच माणूस शेजारी हिऱ्याचा ब्रश एकदा फिरवतो, एडिटर प्रामाणिकपणे भोवतालचे कडे पुन्हा मोजतो, आणि उतार पुसला जातो. यावर मला पटलेला तोडगा असा: ब्रश फिरवण्याआधी त्याचा परिणाम कुठपर्यंत पसरणार ती सीमा पडद्यावर दाखवा, आणि जिथे प्रत्यक्ष टाइल आयसॉमच्या हिशेबाशी जुळत नाही तिथे पसरणं थांबवा. कड्यात एखादी फट राहिली तर चालेल. मॅपकाराला ती दिसेल आणि तो बुजवेल. पुसलेला उतार मात्र त्याला खेळताना कळतो.

याच उतारांमुळे ‘मॅप आरशासारखा उलटव’ हे बटण वाटतं तितकं सोपं नाही. स्पर्धेचे मॅप समतोल हवेत, म्हणून लोक ते बटण पहिल्या आठवड्यातच मागतील. टाइल उलटवून चालत नाही, कारण वरच्या आणि खालच्या कड्यांची चित्रंच वेगळी आहेत. १८० अंशात फिरवण्याचं तर नावच नको. युनिट, खनिजं, लोकेशन यांच्या जागा उलटवून द्या, सपाट जमीन उलटवून द्या, कड्यांच्या जागी नुसती खूण करून ठेवा. बाकी माणसाला करू द्या.

त्याऐवजी ज्याचा खरा उपयोग होतो असं एक काम करा: चालण्याचा थर. चालता येतं की नाही हे गेम ३२ पिक्सेलच्या टाइलवर नाही, ८ पिक्सेलच्या तुकड्यावर ठरवतो, आणि ते व्हीएफ४ फाइलमध्ये असतं, उंचीसकट. बांधकाम करता येतं की नाही हे मात्र टाइलच्या गटावर. हे दोन्ही अर्धपारदर्शक रंगात दाखवलंत तर एखाद्या फटीतून झर्गलिंगसारखं छोटं युनिट जाईल का, इथे पुरवठा-इमारत बसेल का, हे गेम सुरू न करता कळतं. सोबत खनिजांभोवतीची तीन टाइलची पट्टी दाखवा, जिथे मुख्य तळ बांधू देत नाहीत. स्पर्धेसाठी मॅप करणाऱ्यांना या एका थरासाठी तुमचा एडिटर हवासा वाटेल.

चित्रकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळ्यांत मोठा मॅप २५६ गुणिले २५६ टाइलचा, म्हणजे ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेल. अख्खं चित्र ३२ बिटांत मेमरीत काढलंत तर २५६ एमबी. काढू नका. पडद्यावर एका वेळी दोनेक हजार टाइल दिसतात, तेवढ्याच काढा. पिक्सेल ८ बिटांचे पॅलेटसह ठेवले तर पाण्याची हालचाल रंग फिरवून जवळजवळ फुकट मिळते.

अन्डू मात्र पहिल्या दिवसापासून हवं, नंतर शिवता येत नाही. माउस दाबल्यापासून सोडेपर्यंतचा अख्खा फटकारा एक पायरी धरा. आणि पायरीत ‘इथे ब्रश फिरवला’ अशी आज्ञा साठवू नका, कोणत्या घरात आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते साठवा. सपाट जमिनीवर टाइलचे प्रकार यादृच्छिक निवडले जातात. आज्ञा पुन्हा चालवली तर रीडूनंतर गवत वेगळंच उगवतं. जमिनीबरोबर आयसॉम, टाइल आणि एमटीएक्सएम तिन्हींतले बदल त्याच पायरीत हवेत.

इशारे द्या, पण अडवू नका. खेळाडू आहे पण सुरुवातीची जागा नाही; मजकुराची जागा ९० टक्के भरली; नकाशाबाहेर युनिट आहे: असं खालच्या पट्टीत दाखवा. मूळ गेममध्ये एका वेळी १७०० युनिटच मावतात, तो आकडाही तिथे असू द्या. सेव्ह मात्र होऊ द्या, कारण नकाशाबाहेरचं युनिट कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं.

गेमची चित्रं, आवाज, टाइलसेट तुमच्या डाउनलोडमध्ये घालू नका. ती ब्लिझार्डची आहेत. वापरणाऱ्याच्या संगणकावर बसवलेल्या गेममधून वाचा. मूळ गेम २०१७ पासून फुकट मिळतो, त्यामुळे ‘माझ्याकडे नाही’ ही अडचण राहत नाही. फक्त नव्या आवृत्तीत डेटा एमपीक्यूऐवजी कास्क नावाच्या साठ्यात असतो, त्यासाठी कास्कलिब ही स्टॉर्मलिबची धाकटी बहीण आहे. जुनी डिस्क असलेलेही अजून आहेत, दोन्ही रस्ते ठेवा. हत्याराच्या नावात गेमचं नाव किंवा बोधचिन्ह नको.

पहिली आवृत्ती बाहेर काढताना त्यात इतकंच असू द्या: उघडणं, सेव्ह, एकेक टाइल बसवणं, युनिट आणि लोकेशन हलवणं, ट्रिगरचा मजकूर, अन्डू, चालण्याचा थर. हिऱ्याचा ब्रश दुसऱ्या आवृत्तीत. कुणी ‘माझा मॅप मोडला’ म्हणून कळवलं तर आधी त्याच्याकडून मूळ फाइल आणि सेव्ह केलेली फाइल दोन्ही मागवा आणि परवानगी घेऊन दोन्ही चाचणीच्या फोल्डरात टाका. प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी त्या फोल्डरातला प्रत्येक मॅप उघडून-सेव्ह करून सीएचके जुळते का ते स्क्रिप्टने तपासा. एकही जुळली नाही तर त्या आठवड्यात आवृत्ती सोडू नका.